मुलाखतीत बोलता बोलता सूत्र सुटले तर : ‘ट्रेन ऑफ थॉट’ हा इंग्रजी शब्दप्रयोग बिनचूक कसा वापरावा

मराठी माध्यमातून शिकून नागपुरात अभियांत्रिकी, व्यवस्थापन किंवा विधी शाखेसाठी आलेल्या मुलामुलींना इंग्रजी वाचता येते आणि बऱ्यापैकी लिहिताही येते; परंतु तोंडी परीक्षेत किंवा मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या कंपनीच्या मुलाखतीत उत्तर रंगात आले असताना कोणी दार उघडून आत डोकावले, की पुढचे वाक्य सुचत नाही, आणि सुचत नाही हे इंग्रजीतून सांगताही येत नाही. मग खोलीत शांतता पसरते आणि उमेदवाराला विषयच येत नाही असा समोरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात विषय येत असतो, फक्त बोलण्याचा धागा सुटलेला असतो, आणि तेवढेच सांगणारे ‘आय हॅव लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’ हे वाक्य इंग्रजीत सर्रास वापरले जाते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे प्राध्यापक, वकील आणि अधिकारीही ते भर सभेत म्हणतात व त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मी स्वतः याच वाटेने आलो आहे आणि आता मुलाखतीला बसणाऱ्यांचा सराव घेतो. एवढेसे वाक्य किती वेगवेगळ्या तऱ्हांनी वाकडे होते हे त्या सरावात सतत ऐकू येते, म्हणून ते पायरीपायरीने मांडत आहे.

यासाठी साहित्य फारसे लागत नाही. एक वही, मोबाइलमधले ध्वनिमुद्रणाचे साधन, उच्चार ऐकवणारा आणि पूर्ण वाक्यांची उदाहरणे देणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, आणि मध्येमध्ये अडवायला तयार असलेला एखादा मित्र किंवा मैत्रीण एवढे पुरेसे आहे. शब्दकोश मात्र इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला असावा, कारण केवळ मराठी अर्थ देणाऱ्या कोशात हा शब्दप्रयोग वाक्यात कसा बसतो हे कळत नाही.

१. आधी नेमके काय झाले आहे ते ओळखा

‘माझे लक्ष उडाले’ असे आपण मराठीत अनेक प्रसंगी म्हणतो; इंग्रजीत त्या प्रत्येक प्रसंगासाठी वेगळे वाक्य लागते. पहिला प्रसंग असा, की तुम्ही स्वतः बोलत होता किंवा मनाशी विचार करत होता, एकातून एक मुद्दा निघत होता आणि मध्येच तो क्रम तुटला. ‘ट्रेन ऑफ थॉट’ फक्त या प्रसंगासाठी आहे. दुसऱ्या प्रसंगात समोरची व्यक्ती बोलत होती आणि तुमचे ऐकण्याकडे लक्ष नव्हते. तेथे ‘सॉरी, आय वॉजन्ट पेइंग अटेन्शन’ हे वाक्य खरे असले तरी मुलाखतीत जड जाते, म्हणून ‘सॉरी, आय मिस्ड दॅट. कुड यू रिपीट द क्वेश्चन?’ असे विचारावे. तिसऱ्या प्रसंगात एखादे नाव, आकडा किंवा सूत्र आठवत नाही, बाकी सारे जागेवर असते. त्यासाठी ‘आय कान्ट रिकॉल द नेम राइट नाऊ’ असे साधे वाक्य पुरते, आणि शब्द अगदी ओठांवर येऊन अडला असेल तर ‘इट्स ऑन द टिप ऑफ माय टंग’ म्हणता येते. चौथा प्रसंग म्हणजे प्रश्न ऐकताक्षणीच डोके रिकामे होणे, ज्याला इंग्रजीत ‘माय माइंड वेन्ट ब्लँक’ म्हणतात.

पहिला आणि चौथा प्रसंग एकमेकांत मिसळू नयेत. उत्तराला सुरुवातच झाली नसेल तर तुटायला विचारांचा क्रमच नसतो. प्रश्न विचारून झाल्याबरोबर ‘आय हॅव लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’ म्हणणारा उमेदवार समोरच्याला गोंधळात टाकतो, कारण तो तोपर्यंत काही बोललेलाच नसतो. निदान दोन-तीन वाक्ये बोलून झालेली असतील, तरच हा शब्दप्रयोग शोभतो.

२. वाक्य अखंड पाठ करा, तुकडे जोडून बनवू नका

मराठीत सूत्र स्वतःच सुटते, धागा स्वतः तुटतो, लक्ष स्वतः उडते. माणूस ‘माझे’ किंवा ‘माझा’ एवढ्या रूपाने बाजूला उभा असतो. इंग्रजीत मात्र ‘आय’ हा कर्ता पुढे येतो आणि हरवण्याची क्रिया तो करतो. मराठी रचना मनात ठेवून वाक्य बांधायला गेले, की ‘माय ट्रेन ऑफ थॉट इज ब्रोकन’ किंवा ‘माय माइंड गॉट डायव्हर्टेड’ अशी वाक्ये तयार होतात. यातले दुसरे तर नागपुरातल्या वर्गावर्गांत ऐकू येते, कारण ‘माइंड डायव्हर्ट झाला’ असे आपण मराठी बोलतानाही म्हणतो. भारतात ते समजते, पण परदेशी ग्राहकाशी बोलताना ते खटकते. तेथे ‘आय गॉट डिस्ट्रॅक्टेड’ म्हणावे. म्हणून ‘आय हॅव लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’ हे वाक्य जसेच्या तसे तोंडात बसवावे आणि त्यातले फक्त ‘माय’ गरजेप्रमाणे बदलावे : ‘ही लॉस्ट हिज ट्रेन ऑफ थॉट’, ‘शी लॉस्ट हर ट्रेन ऑफ थॉट’.

‘थॉट’ येथे एकवचनीच ठेवावा. विचार अनेक असतात म्हणून पुष्कळ जण ‘थॉट्स’ म्हणतात, आणि तर्काने पाहिले तर त्यांचे चुकत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांनी १६५१ साली विचारांच्या क्रमाबद्दल लिहिताना अनेकवचनच वापरले होते. पण आजच्या प्रचलित इंग्रजीत एकवचन पक्के झाले आहे आणि आपण आजचेच इंग्रजी बोलायचे आहे.

त्या सालामुळे आणखी एक गैरसमज दूर होतो. वाफेच्या इंजिनावर चालणारी पहिली सार्वजनिक रेल्वे इंग्लंडमध्ये १८२५ साली धावली आणि मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली, म्हणजे हा शब्दप्रयोग रेल्वेच्या कितीतरी आधीचा आहे. ‘ट्रेन’चा जुना अर्थ एकामागून एक ओढत येणारी रांग किंवा मालिका असा होता आणि रेल्वेगाडीला ते नाव त्याच अर्थावरून मिळाले. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदतात, तेथे ‘ट्रेन’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर स्थानक यावे यात नवल नाही. पण त्यामुळेच ‘आय मिस्ड माय ट्रेन ऑफ थॉट’ ही चूक होते. ‘मिस’ हे क्रियापद फलाटावरून सुटलेल्या गाडीसाठी आहे. विचारांच्या मालिकेसाठी ‘लूज’ हेच क्रियापद लागते. दुसऱ्या कोणी ती तोडली असेल तर ‘इंटरप्ट’ चालते, आणि दुसऱ्याच्या विचारांचा क्रम समजून घेता येत असेल तर ‘फॉलो’ चालते. त्यावरून ‘आय कान्ट फॉलो युअर ट्रेन ऑफ थॉट’ असे वाक्य होते. पण ते परीक्षकाला उद्देशून म्हणू नये, कारण तुमचे बोलणे विस्कळीत आहे अशी छटा त्यात येते.

३. काळ सांभाळा

सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्यांची मुळे आपल्या बोलण्यात आहेत, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

धागा आत्ता, याच क्षणी सुटला असेल तर ‘आय हॅव लॉस्ट’ म्हणावे. बोलताना त्याचे ‘आयव्ह लॉस्ट’ होते. अमेरिकी इंग्रजीत अशा वेळी ‘आय जस्ट लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’ असा साधा भूतकाळही सहज वापरतात, त्यामुळे तो ऐकून दचकू नये. कालच्या किंवा गेल्या आठवड्याच्या मुलाखतीची हकीकत सांगताना मात्र ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही इंग्रजींत साधा भूतकाळच हवा : ‘आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट ड्युअरिंग द इंटरव्ह्यू’. मराठी माणूस येथे हमखास ‘आय हॅड लॉस्ट’ म्हणतो, कारण ‘काल मी बँकेत गेलो होतो’, ‘काल माझा धागा सुटला होता’ ही आपली स्वाभाविक रचना आहे. इंग्रजीतले ‘हॅड’ भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधी घडलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवलेले असते. ‘बाय द टाइम ही स्टॉप्ड टॉकिंग, आय हॅड लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’ या वाक्यात ते योग्य आहे, कारण त्याचे बोलणे थांबले तेव्हा धागा आधीच सुटलेला होता.

दुसरी अडचण खास आपल्या भागातली आहे. नागपुरी बोलीत ‘मी विचार करून राहिलो’, ‘मला आठवून नाही राहिलं’ अशी चालू असलेल्या क्रियेची रूपे पावलोपावली येतात आणि ती कानाला गोडही वाटतात. त्यांची सवय इंग्रजीत उतरली, की ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ अशी वाक्ये निघतात आणि त्याच ओघात ‘आय ॲम लूजिंग माय ट्रेन ऑफ थॉट’ हेही येते. हे शेवटचे वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकीचे नाही; त्याचा अर्थ मात्र धागा हळूहळू सुटत चालला आहे, अजून पुरता सुटलेला नाही, असा होतो. बाहेर वरातीचा बँड वाजत आहे आणि तुम्ही कसेबसे बोलत आहात, अशा वेळी ते बरोबर ठरेल. धागा सुटून तुम्ही गप्प झालेला असाल तर ते लागू पडत नाही. पुन्हा पुन्हा तसे होत असेल तर ‘आय कीप लूजिंग माय ट्रेन ऑफ थॉट’ म्हणावे, आणि स्वभाव सांगायचा असेल तर साध्या वर्तमानकाळात ‘आय लूज माय ट्रेन ऑफ थॉट व्हेन समवन इंटरप्ट्स मी’ असे म्हणावे.

४. उच्चार आणि स्पेलिंग

‘शर्ट लूज झाला’, ‘नट-बोल्ट लूज आहे’ असे आपण मराठीत म्हणतो, आणि नेमका हा रुळलेला उच्चार येथे आड येतो. ढिला या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार ‘लूस’ असा आहे आणि त्यात ‘ओ’ हे अक्षर दोनदा येते. हरवणे या अर्थाच्या शब्दात ‘ओ’ एकदाच येतो आणि त्याचा उच्चार ‘लूज’ होतो, ज्यातला ‘ज’ हा ‘जन्म’मधला नसून ‘जवळ’मधल्या ‘ज’च्या जवळ जाणारा आहे. ईमेलमध्ये दोन ‘ओ’ घातले तर स्पेलिंग तपासणारी यंत्रणाही अनेकदा ती चूक दाखवत नाही, कारण तोही शब्द कोशात आहेच. ‘लॉस’ हे नाम आहे, त्यामुळे ‘आय लॉस माय ट्रेन ऑफ थॉट’ हे वाक्य होत नाही. भूतकाळात ‘लॉस्ट’ म्हणताना शेवटचा ‘ट’ ऐकू आला पाहिजे.

या लेखात मराठीच्या रूढीप्रमाणे ‘ऑफ’ असे लिहिले असले तरी या शब्दाचा खरा उच्चार ‘ऑव्ह’ असा आहे आणि वाक्याच्या ओघात तो ‘अव्ह’ इतका हलका होतो. जोर ‘थॉट’वर द्यावा.

५. परतीचे वाक्य लगेच जोडा

धागा सुटला एवढे सांगून थांबले, तर पुढे काय करायचे ते समोरच्याने ठरवावे असा त्याचा अर्थ होतो, आणि मुलाखतीत तो भार परीक्षकावर टाकू नये. म्हणून हे वाक्य कधीही एकटे वापरू नये. त्याच्या आधी ‘सॉरी’ आणि नंतर ‘व्हेअर वॉज आय?’ असा पूर्ण संच पाठ करावा : ‘सॉरी, आयव्ह लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट. व्हेअर वॉज आय?’ हा प्रश्न बहुधा स्वतःलाच विचारलेला असतो. तो म्हणताना दोन क्षण मिळतात आणि तेवढ्यात मुद्दा परत येतो. मराठीत ‘मी कुठे होतो?’ हा प्रश्न साध्या वाक्याच्याच क्रमाने विचारला जातो, त्यामुळे ‘व्हेअर आय वॉज?’ असे तोंडातून जाते. प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी येते, म्हणून ‘व्हेअर वॉज आय?’ आणि ‘व्हॉट वॉज आय सेइंग?’ हीच रूपे घोटावीत. मात्र ‘कुड यू रिमाइंड मी व्हॉट आय वॉज सेइंग?’ या वाक्यात क्रम पुन्हा सरळ होतो, कारण प्रश्न ‘कुड यू’मध्येच विचारून झालेला असतो. ही दोन रूपे वहीत शेजारी शेजारी लिहून रोज मोठ्याने वाचावीत; नियम पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग लवकर होतो.

अधिक वेळ हवा असेल तर ‘कुड आय हॅव अ मोमेंट, प्लीज?’ असे म्हणावे. ‘काइंडली वेट’ म्हणू नये, त्यात आज्ञेचा सूर लागतो. मुद्दा सापडल्यावर ‘ॲज आय वॉज सेइंग’ म्हणून पुढे जावे. व्यत्यय परीक्षकाकडूनच आला असेल तर ‘यू मेड मी लूज माय ट्रेन ऑफ थॉट’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. ते व्याकरणाने शुद्ध आहे, पण मित्रामित्रांत चालणारे हे वाक्य वरिष्ठांसमोर आरोपासारखे ऐकू येते.

एकाच मुलाखतीत दुसऱ्यांदा धागा सुटला तर तेच वाक्य पुन्हा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी ‘लेट मी पुट दॅट अनदर वे’ म्हणून मुद्दा नव्याने सुरू करावा.

६. शेजारचे शब्द आणि त्यांतले सापळे

सर्वांत धोकादायक वाक्य ‘आय लॉस्ट माय माइंड’ हे आहे. मन हरवले, भान हरवले अशा मराठी वळणाने ते अगदी निरागसपणे म्हटले जाते, परंतु त्याचा अर्थ ‘मला वेड लागले’ असा होतो. ‘आय लॉस्ट माय हेड’ म्हणजे घाबरून किंवा संतापाच्या भरात तारतम्य सुटले. ‘आय वॉज लॉस्ट इन थॉट’ म्हणजे मी विचारात इतका गढलो होतो की आजूबाजूचे भान नव्हते, म्हणजे जवळजवळ उलटी स्थिती, कारण तेथे विचारांचा क्रम चालूच असतो. ‘आय ॲम ॲबसेंट-माइंडेड’ म्हणणाऱ्याने आपण विसराळू आहोत असे स्वभाववर्णन केलेले असते, आणि मुलाखतीत स्वतःबद्दल तसे सांगण्याचे कारण नाही.

एकाग्रता कमी झाली एवढेच सांगायचे असेल तर ‘आय लॉस्ट कॉन्सन्ट्रेशन’ किंवा ‘आय लॉस्ट फोकस’ म्हणावे. तेथे ‘माय’ लावण्याची गरज नसते. ‘कॉन्सन्ट्रेट’ आणि ‘फोकस’ यांच्यापुढे ‘ऑन’ येते, ‘पे अटेन्शन’पुढे ‘टू’ येते, आणि ‘डिस्ट्रॅक्टेड’पुढे ‘बाय’. ‘आय झोन्ड आउट’ हे घरगुती बोलणे आहे, ते मैत्रीत ठेवावे. ‘इट स्लिप्ड माय माइंड’ म्हणजे एखादे काम किंवा गोष्ट लक्षातून गेली. अर्जासोबत गुणपत्रिका जोडायची राहून गेली असेल तर ते वाक्य लागू पडते, बोलण्याचा धागा सुटला असेल तर नाही. ‘आय लॉस्ट द थ्रेड’ हे मात्र अर्थाने अगदी जवळचे आहे आणि ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ते दुसऱ्याचे बोलणे ऐकताना समजेनासे झाले तरी वापरतात, म्हणून न्यायालयात किंवा व्याख्यानात ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग अधिक होतो.

७. अडथळा आणून सराव करा

शांत खोलीत आरशासमोर म्हटलेले वाक्य खऱ्या व्यत्ययात आठवत नाही, म्हणून सरावातच व्यत्यय आणावा लागतो. विषय स्वतःच्या माहितीतला घ्यावा, म्हणजे मजकूर शोधण्यात शक्ती जात नाही. आपल्याकडच्या मुलांना मी बहुधा संत्र्यावर बोलायला सांगतो : नागपुरी संत्र्याचे आंबिया आणि मृग असे दोन बहार असतात, आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृगाची जून-जुलैत येतात, आणि या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुद्दे एकातून एक निघत असल्यामुळे मध्ये तोडले की तुटलेले स्पष्ट जाणवते, आणि यासाठी तसाच विषय हवा.

बोलणाऱ्याने इंग्रजीतून सुरुवात करावी आणि आंबिया बहाराची फुले सांगून मृगाकडे वळत असताना मित्राने अचानक भलताच प्रश्न विचारावा, खुर्ची सरकवावी किंवा कूलर सुरू करावा. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय बसता येत नाही, त्यामुळे त्या घरघरीत बोलण्याची सवय तशीही लागतेच. अडथळा कधी येणार हे बोलणाऱ्याला आधी कळू देऊ नये. त्याने थांबून ‘सॉरी, आयव्ह लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट. व्हेअर वॉज आय? यस, द सेकंड फ्लॉवरिंग सीझन’ असे म्हणून मृग बहारापासून पुढे जावे. सुरुवातीला माणूस परत पहिल्या वाक्यापासून सांगू लागतो, तसे करू देऊ नये. धागा जेथे सुटला तेथूनच उचलायचा आहे. धागा खरोखर सुटला नसेल तर हे वाक्य म्हणू नये, हेही मित्राने पाहावे, कारण काही दिवसांनी ते उगाचच तोंडात येऊ लागते आणि मुद्देसूद बोलणारा उमेदवारही गोंधळलेला वाटू लागतो.

ध्वनिमुद्रण त्याच दिवशी ऐकावे आणि ऐकताना चार गोष्टी वहीत टिपाव्यात : ‘हॅव’ होते की ‘हॅड’, ‘लॉस्ट’चा ‘ट’ ऐकू आला का, ‘व्हेअर वॉज आय’चा क्रम बरोबर होता का, आणि परतीच्या वाक्यानंतर पुढचा मुद्दा येईपर्यंत किती वेळ गेला. पहिल्या तीन गोष्टी लवकर सुधारतात. चौथीला वेळ लागतो. त्यासाठी उत्तराला सुरुवात करण्यापूर्वी त्यातले मुद्दे क्रमाने मनात ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे ‘व्हेअर वॉज आय?’ म्हणताना शोधायला एक ठरलेली जागा असते.